राजाच्या दारी कैफियत

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे उगमस्थान म्हणून आपण या ग्रंथाकडे पाहतो आणि ते यथार्थच आहे. गोवा आणि वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती. पण पोर्तुगालचे सिंहासन १५८० पासून स्पेनच्या राजघराण्याकडे गेले होते. स्पेनचा तिसरा फिलिप हाच त्या काळी पोर्तुगालचाही राजा होता. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आदल्याच वर्षी, १६१५ च्या फेब्रुवारी महिन्यात, या राजाला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून एक पत्र लिहिले गेले. पेरू देशातील अँडीज पर्वतराजीत राहणाऱ्या एका वृद्ध मूलनिवासी ख्रिस्ती गृहस्थाने, आपण एक मोठा ग्रंथ लिहून पुरा केला असल्याचे त्यात कळविले होते. त्या गृहस्थाचे नाव फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला. त्याच्या ग्रंथाचे नाव मराठीत ‘पहिली नवी बखर आणि सुराज्य’ असे करता येईल.

एकाच राजाच्या छत्राखाली, एकाच सुमारास, हे दोन ग्रंथ सिद्ध झाले. गोव्यात एक परदेशी धर्मगुरू येथल्या लोकांची भाषा आपलीशी करून त्यांना तारणाची कथा सांगत होता. पेरूमध्ये एक एतद्देशीय माणूस राज्यकर्त्यांची भाषा हाती घेऊन त्यांनाच न्यायाची गोष्ट ऐकवीत होता. पहिल्या ग्रंथावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याचा परिचय करून द्यावा आणि त्याची बलस्थाने व उणिवा तपासून पाहाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखकाच्या नावापासूनच सुरुवात करू. केचुआ भाषेत ग्वामान म्हणजे ससाणा आणि पोमा म्हणजे प्यूमा हे डोंगरी श्वापद. ही दोन कुळाची नावे मध्यभागी, अलीकडे राजाचे नाव असलेले ‘फेलिपे’ आणि पलीकडे ‘आयाला’ हे स्पॅनिश आडनाव. जित समाजातल्या माणसाची सारी ओढाताण या एका नावात सामावली आहे. १५३२ साली पिसारोने काहामार्का येथे इंका राजा अताह्वाल्पा यास कैद केले आणि पुढच्या वर्षी त्याचा वध केला. ग्वामान पोमाची पिढी या घटनेनंतर वाढलेली; तिने जुने राज्य पाहिले नव्हते, ऐकले मात्र होते.

नव्या राज्याचा गाडा कसा चालत असे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एरवी ग्रंथातला संताप कळणार नाही. ‘एन्कोमिएन्दा’ या पद्धतीनुसार अमुक इतके मूलनिवासी एखाद्या स्पॅनिश माणसाच्या स्वाधीन केले जात. त्याने त्यांचे रक्षण करावे, त्यांच्या धर्मशिक्षणाची सोय करावी आणि बदल्यात त्यांच्याकडून खंडणी घ्यावी, असा कागदावरचा करार. व्यवहारात खंडणी आणि वेठ तेवढी उरली. १५६९ ते १५८१ या काळात राजप्रतिनिधी असलेल्या फ्रान्सिस्को दे तोलेदो याने विखुरलेल्या वस्त्यांतील लोकांना उठवून आखीव गावांत आणून बसविले. इंकांच्या काळी पाळीपाळीने श्रम देण्याची ‘मिता’ नावाची रीत होती; तिचे त्याने पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी सक्तीच्या मजुरीत रूपांतर केले. नेमून दिलेल्या प्रांतांतून धडधाकट पुरुषांपैकी सातवा हिस्सा दर वर्षी खाणीकडे जाऊ लागला. ह्वांकाव्हेलिका येथील पाऱ्याच्या खाणीत तर माणसे विषाच्या धुळीतच राबत. या साऱ्यावर देखरेख करणारा प्रांताधिकारी म्हणजे ‘कोरेहिदोर’. तोच वसुली करी आणि तोच न्याय देई.

ग्वामान पोमा या यंत्रणेला बाहेरून पाहणारा नव्हता. तरुणपणी त्याने धर्मतपासनीस क्रिस्तोबाल दे आल्बोर्नोस यांच्या हाताखाली काम केले होते. जुन्या दैवतांकडे परत वळू पाहणाऱ्या ‘ताकी ओंकोय’ या चळवळीचा बंदोबस्त करण्यासाठी ते निघाले होते. कागद कसा लिहावा, साक्ष कशी नोंदवावी, शिक्का कोठे उमटतो, हे तो तेथेच शिकला. पुढे ह्वामांगा शहराजवळच्या चूपास येथील जमिनीवर आपल्या घराण्याचा वारसाहक्क आहे, असा दावा त्याने लावला. प्रतिपक्षही मूलनिवासीच होता. चाचापोया नावाच्या दुसऱ्या समूहाला तेथे वसविण्यात आले होते. डिसेंबर १६०० मध्ये निकाल लागला. ग्वामान पोमा हा उच्च कुळाची बतावणी करणारा तोतया आहे असे ठरवून त्याला दोनशे फटके आणि दोन वर्षांची हद्दपारी अशी शिक्षा फर्मावण्यात आली. या दाव्याची कागदपत्रे १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि ग्रंथाकडे पाहण्याची अभ्यासकांची दृष्टीच पालटली. एका गावच्या न्यायासनाने ज्याचे म्हणणे खोटे ठरविले, त्याने त्यानंतरच्या वर्षांत आपले गाऱ्हाणे साऱ्या अँडीजचे गाऱ्हाणे करून थेट राजासमोर ठेवले. जवळजवळ बाराशे पृष्ठे आणि त्यांत सुमारे चारशे पूर्ण पृष्ठ रेखाचित्रे, एवढा त्याचा विस्तार आहे.

या ग्रंथाच्या रूपाविषयी पाश्चात्य अभ्यासकांत बराच खल झाला आहे. हा इतिहास, पत्र, प्रवचन की कायद्याचा मसुदा? मराठी वाचकाला हा प्रश्न तितकासा अवघड वाटू नये, कारण त्याच्यापाशी दोन शब्द तयार आहेत : बखर आणि कैफियत. बखरीत घराण्याचा व राज्याचा पूर्ववृत्तान्त येतो. कैफियतीत वतनदार आपल्या हक्काची हकीकत सरकारदरबारी लेखी मांडतो. ग्वामान पोमाच्या ग्रंथाचा पूर्वार्ध बखर आहे आणि उत्तरार्ध कैफियत. आणि पहिली दुसरीसाठी लिहिलेली आहे. हे ध्यानात ठेवले, म्हणजे त्यातल्या पुष्कळशा चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

उदाहरणार्थ, तो सांगतो की अँडीजचे आदिपुरुष नोहाच्या वंशातले होते आणि इंकांच्या पूर्वीच्या त्या युगांत लोकांना एका देवाची ओळख होती. मूर्तिपूजा नंतर इंकांनी आणली. प्रेषित संत बार्थोलोम्यू या भूमीवर येऊन गेले होते, असेही तो सांगतो. आणखी पुढे जाऊन तो म्हणतो की पिसारोची माणसे किनाऱ्याला लागली तेव्हा आपल्या पित्याने राजदूत म्हणून त्यांचे शांततेने स्वागत केले. येथे युद्ध असे झालेच नाही. इतिहास म्हणून ही विधाने टिकणारी नाहीत. परंतु न्यायालयातला युक्तिवाद म्हणून ती वाचावीत. पेरूवरील स्पॅनिश सत्तेचा दावा दोन आधारांवर उभा होता : आम्ही धर्म आणला, आणि आम्ही युद्धात जिंकले. प्रेषित आधीच येऊन गेले असतील, तर पहिला आधार कोसळतो. युद्धच झाले नसेल, तर दुसरा. मग एन्कोमिएन्दाचा हक्क कोठून आला? हिरावून घेतलेली जमीन आणि श्रम परत करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. बखरीतल्या प्रत्येक कथेच्या पोटात असा एकेक दाखला दडलेला आहे.

आपल्याकडे महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) अवतारकथांची उलट मांडणी करून बळीराजाचे राज्य उभे केले, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. ज्यांच्या इतिहासाचे दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात आहे, ते पुराणातून आपला दाखला काढतात. दस्तऐवजाची सत्यता आणि दाव्याची न्याय्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे समीक्षकाने अशा ठिकाणी विसरता कामा नये.

ग्रंथाची खरी ताकद मात्र त्याच्या चित्रांत आहे. ही साधी काळ्या शाईची रेखाटने आहेत. युरोपीय चित्रकलेच्या कसोटीवर ती ओबडधोबड म्हणावी लागतील. पण काय सांगावयाचे हे त्या हाताला नेमके कळले होते. एका चित्रात गुडघे टेकून हात जोडलेला एक गरीब मूलनिवासी मधोमध आहे आणि सभोवती सहा जनावरे त्याच्यावर चालून आली आहेत. सर्प म्हणजे कोरेहिदोर. वाघ म्हणजे धर्मशाळांतून फुकट खाणारे स्पॅनिश वाटसरू. सिंह म्हणजे एन्कोमिएन्दाचा धनी. कोल्हा म्हणजे गावचा धर्मगुरू. मांजर म्हणजे कारकून. आणि उंदीर म्हणजे खुद्द त्या मूलनिवासी समाजाचा पाटील. ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचलेल्या मराठी माणसाला हे रिंगण तत्काळ ओळखू येईल. विशेष असे की या रिंगणातून आपल्या जातभाईंना वगळण्याचा मोह लेखकाला झाला नाही. उंदीर लहान असतो, पण तोही कुरतडतो.

दुसरे उदाहरण वधाच्या चित्रांचे. अताह्वाल्पाला १५३३ साली गळा आवळून मारण्यात आले, शिरच्छेद झाला तो १५७२ साली कुस्को येथे, तोलेदोच्या आज्ञेने, शेवटच्या इंका तुपाक आमारू याचा. ग्वामान पोमाने दोन्ही प्रसंग शिरच्छेदाचेच काढले आहेत आणि त्यांची मांडणीही जवळजवळ सारखीच ठेवली आहे. तपशील म्हणून हे चूक आहे. परंतु चाळीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन वधांचा अर्थ एकच, आणि तो म्हणजे एका देशाचे मस्तक उडविले गेले, हे त्या दोन चित्रांनी जेवढे सांगितले आहे तेवढे शब्दांनी सांगता आले नसते.

तिसरे चित्र जगाच्या नकाशाचे. त्यात वरच्या अर्ध्या भागात पेरूचा देश आहे आणि त्याच्या मध्यभागी कुस्को. खालच्या अर्ध्या भागात स्पेन. अँडीजच्या परंपरेत वरचे आणि खालचे असे दोन अर्ध असतात आणि वरच्याला मान मोठा असतो. नमस्कार करून राजाच्या हाती दिलेल्या या कागदावर राजाचा देश खाली आहे! आर्जवाची भाषा आणि चित्रातली मांडणी यांच्यातला हा ताण संबंध ग्रंथभर जाणवत राहतो. एका प्रकरणात राजा प्रश्न विचारतो आहे आणि लेखक उत्तरे देतो आहे, असा संवाद रचला आहे. हा राजा त्याने कधी पाहिला नाही. त्याच्यासमोर ग्रंथ घेऊन गुडघे टेकलेले स्वतःचे चित्र मात्र त्याने काढले. गुडघे टेकलेला तो माणूसच त्या प्रकरणात राजाचा शिक्षक झाला आहे.

आता कॅथलिक वाचकाला अवघड वाटेल अशा भागाकडे वळतो. ग्वामान पोमाचा ख्रिस्तावरील विश्वास निःसंशय आहे. येशूसंघीयांची आणि फ्रान्सिसकन साधूंची तो वाखाणणी करतो. परंतु गावोगावच्या धर्मगुरूंविषयी त्याने जे लिहिले आणि काढले, ते वाचताना मान खाली जाते. स्त्रियांकडून फुकट विणून घेणारे, लोकांना चाबकाने झोडणारे, मुलींचे शील भ्रष्ट करणारे, नजराण्यावाचून संस्कार न देणारे धर्मगुरू पानोपानी येतात. मार्तिन दे मुरुआ हे मर्सिडेरियन संघाचे धर्मगुरू स्वतः इंकांचे इतिहासकार होते आणि त्यांच्या हस्तलिखितासाठी ग्वामान पोमाने चित्रे काढून दिली होती. त्याच मुरुआंना आपल्या ग्रंथात त्याने मागावर बसलेल्या एका स्त्रीला लाथ मारताना दाखविले आहे.

अशा प्रसंगी आपल्याकडे एक सोपा मार्ग असतो. बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांचे नाव घ्यावयाचे, १५५२ साली छापलेल्या त्यांच्या इंडीजच्या विध्वंसावरील पुस्तकाचा दाखला द्यावयाचा, परमगुरू तिसरे पॉल यांनी १५३७ साली मूलनिवासींचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही असे जाहीर केले होते याची आठवण द्यावयाची, आणि हिशेब बरोबर झाला असे मानावयाचे. या गोष्टी खऱ्याच आहेत आणि अभिमानाच्याही आहेत. लास कासास यांनी तर, लुटलेले परत केल्याखेरीज एन्कोमिएन्दाच्या धन्याला पापक्षमा देऊ नये, असा दंडक पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी लिहून ठेवला होता. ग्वामान पोमाची परतफेडीची मागणी त्याच विचारपरंपरेतली आहे.

परंतु दोघांच्या लेखनात एक मूलभूत अंतर आहे. लास कासास यांच्या पुस्तकातला मूलनिवासी म्हणजे लांडग्यांपुढे सापडलेले कोकरू. तो मार खातो, मरतो; त्याच्या वतीने बोलावे लागते. वकिलाला आपल्या अशिलाचे दैन्य रंगवावेच लागते, हे खरे. ग्वामान पोमा मात्र अशील म्हणून स्वतः उभा राहतो आणि दैन्याबरोबर आपला मानही नोंदवून घेतो. आमच्या शेतीला बारा महिन्यांचे वेळापत्रक होते, वयोमानाप्रमाणे प्रत्येकाला काम होते, आंधळ्या-पांगळ्यांचीही सोय होती, हे तो चित्रे काढून दाखवितो. त्याची मागणी दयेची नाही. ‘तुम्ही आम्हांला जो धर्म शिकविला, त्याच्याच दहा आज्ञा तुम्हांला लागू करा’, एवढेच त्याच्या म्हणण्याचे सार आहे. धर्मगुरूंवरील त्याची टीका धर्माबाहेरून आलेली नाही, ती बाप्तिस्म्याच्या हक्काने केलेली आहे. म्हणूनच ती अधिक झोंबते, आणि म्हणूनच ती आपण अधिक मोकळ्या मनाने ऐकली पाहिजे.

मात्र ग्रंथाचे मोठेपण मान्य करताना त्याचा दोष झाकता येत नाही. ग्वामान पोमाच्या सुराज्यात सर्वांना जागा नाही. स्पॅनिश लोकांनी स्पेनमध्ये राहावे, मूलनिवासींनी आपल्या भूमीत, असे त्याचे साधे गणित आहे, आणि संकरातून जन्मलेल्या मेस्तिसो लोकांविषयी त्याने वापरलेले शब्द कटू आहेत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांवरील अत्याचार त्याला दिसतात, तरी त्यांतील अनेकांविषयी त्याचा सूर तुच्छतेचाच आहे. खालच्या कुळातला माणूस पाटील होऊन बसला की त्याला जग उलटेपालटे झाल्यासारखे वाटते. ज्याने त्याला अक्षरओळख आणि धर्मशिक्षण दिले, तो त्याचा पूज्य सावत्र भाऊ मार्तिन दे आयाला स्वतः मेस्तिसो होता, ही विसंगती त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

हा दोष वरवरचा नाही. कैफियतीच्या रूपातच तो रुजलेला आहे. वतनाचा हक्क रक्तावरून सिद्ध करावा लागतो. वसाहतीच्या कायद्याने माणसाची किंमत वंशावरून ठरविली, आणि फिर्यादीने त्याच तराजूत आपले वजन करून दाखविले. ज्या न्यायासनाने त्याला तोतया म्हटले, त्याची कसोटी त्याने नाकारली नाही. आपण तिला उतरतो एवढेच सांगितले. जातीच्या उतरंडीत वरच्याकडे समता मागणारा माणूस खालच्याला ती देईलच असे नाही, हा अनुभव आपल्या समाजालाही नवा नाही. धर्मांतरानंतरही चर्चमध्ये जातीच्या भिंती आपण कशा सांभाळल्या, हे आठवले तर ग्वामान पोमाला दोष देताना आपला आवाज आपोआप खाली येईल. पण दोष तो दोषच. आणि अस्मितेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने या ग्रंथातून घ्यावयाचा तो एक महत्त्वाचा धडा आहे.

भाषेविषयी दोन शब्द. या ग्रंथातली स्पॅनिश अशुद्ध मानली गेली. वाक्ये लांबत जातात, मध्येच केचुआ शब्द, गाणी आणि प्रार्थना येतात, लिंग-वचनाचा मेळ बसत नाही. आता उपाय उरला नाही, अशा अर्थाचा उसासा तर पालुपदासारखा येतो. एके काळी या सगळ्याला अडाणीपणाची खूण समजत. १९८० साली जॉन मरा आणि रोलेना अदोर्नो यांनी हॉर्हे उरिओस्ते यांच्या केचुआ भाषांतरांसह सिद्ध केलेली आवृत्ती आणि अदोर्नो यांचे पुढील लेखन यांमुळे हे मत मागे पडले. दोन भाषांच्या सांध्यावर उभा असलेला माणूस कोणतीही एक भाषा निर्वेधपणे बोलू शकत नाही. त्याचे अडखळणे हीच त्याची साक्ष असते. प्रमाण भाषेच्या दारात आपली बोली बिचकत उभी राहिलेली ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ग्रंथाचे पुढे काय झाले, ही गोष्ट ग्रंथाइतकीच बोलकी आहे. राजासाठी लिहिलेले हे हस्तलिखित डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या राजग्रंथालयात जाऊन पडले. १९०८ साली रिखार्ड पीचमान या जर्मन विद्वानाच्या दृष्टीस ते पडले, तेव्हा लिहून जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. १९३६ साली पॅरिसमध्ये त्याची छायाप्रत प्रसिद्ध झाली आणि २००१ पासून ते संगणकाच्या पडद्यावर कोणालाही पाहता येते. ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या राज्याचा अस्त झाला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांचे वंशज आज ते वाचू शकतात.

संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ साली मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. भूमी, भाषा आणि परतफेड हे ग्वामान पोमाचे विषय त्यात आहेत. २०१५ साली, म्हणजे त्याच्या पत्रानंतर बरोबर चारशे वर्षांनी, पोप फ्रान्सिस यांनी बोलिव्हियात जाऊन अमेरिका खंडाच्या तथाकथित विजयाच्या काळात मूलनिवासींवर झालेल्या अपराधांबद्दल चर्चच्या वतीने क्षमा मागितली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने, नव्याने ‘शोधलेल्या’ भूमीवर ख्रिस्ती राजांचा हक्क पोचतो असे सांगणाऱ्या सिद्धान्ताचा जाहीरपणे त्याग केला. या क्षमायाचनेचे आपण स्वागत करतो. परंतु कैफियतीला क्षमायाचना हे अर्धेच उत्तर असते. उरलेले अर्धे उत्तर जमिनीच्या आणि श्रमाच्या हिशेबात द्यावे लागते, असे ग्वामान पोमाने राजाला सांगितले होते, आणि पापनिवेदनाला बसणाऱ्या प्रत्येक कॅथलिकाला ते धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ठाऊक असते.

‘ख्रिस्तपुराणा’च्या वाचकाने या ग्रंथाचीही ओळख करून घ्यावी, असे वाटते. त्यातील निवडक प्रकरणे चित्रांसह मराठीत आली, तर आपल्या वाङ्मयाला एक नवा सोबती लाभेल. एका ग्रंथाने आपल्याला देवाची गोष्ट आपल्या भाषेत सांगितली. दुसऱ्याकडून, ती गोष्ट ऐकलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचा अधिकारही त्याच गोष्टीतून मिळतो, हे शिकण्यासारखे आहे.